जुन्या विजेच्या गिटारीचें मोल

वस्तु जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, हा बाजारचा सामान्य नियम आहे. जुनी सायकल, जुना पंखा किंवा जुनें शिवणयंत्र विकावयास नेलें असतां डहाणूचा दुकानदार काय भाव सांगतो, हें पुष्कळ पालकांच्या अनुभवाचें असेल. परंतु या नियमास कांहीं अपवाद आहेत; आणि त्यांतील एका अपवादाविषयीं वरच्या वर्गांतील मुलें या वर्षीं मला वारंवार प्रश्न विचारीत होतीं. इ. स. १९६० ते १९७० या दशकांत अमेरिकेंतील कारखान्यांतून बाहेर पडलेली विजेची गिटार आज नव्या गिटारीच्या अनेक पट किमतीस विकली जाते. २०१९ सालीं न्यूयॉर्क येथें क्रिस्टीज या लिलांवघरानें डेव्हिड गिल्मर या इंग्रज वादकाची, १९६९ सालीं बनलेली, काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार सुमारें ४० लक्ष डॉलरांस विकली. (लिलांवाचें उत्पन्न त्यानें स्वतःजवळ न ठेवितां हवामानरक्षणाचें काम करणाऱ्या एका संस्थेस दिलें, हेंही सांगितलें पाहिजे.) लांकडाची एक फळी, सहा तारा आणि थोडेंसें तांबें, यांस एवढें द्रव्य कां मिळावें? मुलांचा हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नाहीं.

प्रथम हें वाद्य बोलतें कसें तें पाहूं. साध्या गिटारीस पोकळ पेटी असते. तारेचा कंप त्या पेटींतील हवेस मिळतो व आवाज मोठा होतो. विजेची गिटार बहुधा भरीव असते. ध्वनिवर्धक जोडल्यावांचून ती छेडली, तर खोलीच्या दुसऱ्या टोंकास बसलेल्या माणसासही ती नीट ऐकूं जात नाहीं. तिचा खरा कंठ म्हणजे तारांखालीं बसविलेली एक लहानशी पट्टी. तीस पिकअप म्हणतात. तींत लहान लोहचुंबक उभे बसविलेले असून त्यांच्याभोंवतीं केंसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे घातलेले असतात. वरच्या तारा पोलादाच्या. चुंबकाच्या सान्निध्यानें पोलादी तारही चुंबकित होते; ती कंप पावूं लागली कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र सारखें कमीअधिक होतें, आणि त्याच तालानें वेटोळ्यांत एक क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढलेलें हें तत्त्व विज्ञानाच्या पुस्तकांत आपण शिकतों, परंतु परीक्षा झाल्यावर विसरतों. त्याच पट्टीवर नायलॉनची तार ताणली तर पिकअप मुका राहील, इतकें लक्षांत ठेविलें म्हणजे तत्त्व पुन्हां विसरणार नाहीं.

या रचनेंत एक उणीव होती. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते. पिकअपचें वेटोळें तारेचा कंप जसा पकडतें, तशीच भोंवतालच्या दिव्यांची व पंख्यांची ही गुणगुणही पकडतें, आणि गाण्यामागें भुंगा बसल्यासारखें वाटतें. १९५५ सालीं गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें यावर सुंदर तोड काढिली. त्यानें दोन वेटोळीं शेजारीं ठेविलीं. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट, आणि चुंबकांचीं टोंकेंही उलट. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत परस्परविरुद्ध होऊन मावळते. परंतु तारेचा स्वर दोनदां उलटल्यामुळें सरळ होतो व दुणावतो. उणें गुणिले उणें म्हणजे अधिक, हें ज्यांना पाठ आहे पण पटलेलें नाहीं, त्यांनीं हा पिकअप अवश्य समजून घ्यावा.

गंमत अशी कीं, विजेच्या गिटारीचा जन्म हवाई बेटांच्या संगीतांतून झाला. तेथील वादक गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादाचा दांडा सरकवून वाजवीत. १९३१ सालच्या सुमारास जॉर्ज बोशँप व अडोल्फ रिकेनबॅकर यांनीं कॅलिफोर्नियांत अशाच आडव्या वाद्याकरितां पहिला यशस्वी पिकअप केला. तें वाद्य अल्युमिनियमचें होतें, आणि त्याच्या आकारावरून लोक त्यास ‘तळणीचा तवा’ म्हणत. पुढें लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानें १९५० सालीं भरीव फळीची गिटार बाजारांत आणिली व १९५४ सालीं स्ट्रॅटोकास्टर काढिली. या फेंडरला स्वतः गिटार वाजवितां येत नसे! परंतु दुरुस्ती करणाऱ्याचा डोळा त्यास होता. त्यानें गिटारीची मान अंगास डिंकानें न चिकटवितां चार स्क्रूंनीं बसविली. मान वांकली तर ती काढावी व दुसरी लावावी. पिकअपवरील झांकण सोडविलें कीं आंतील सारे सांधे हातीं लागतात. माझ्या मतें या गिटारी साठ-साठ वर्षें टिकल्या याचें एक मोठें कारण हेंच आहे, आणि लिलांवाच्या बातम्या देणारे लोक तें क्वचितच सांगतात. जी वस्तु उघडतां येते तीच दुरुस्त होते.

१९६५ सालच्या जानेवारींत फेंडर यानें आजारपणामुळें आपला कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीस १ कोटी ३० लक्ष डॉलरांस विकला. त्यानंतर माल वाढला, पण हात उतरला, अशी वादकांची तक्रार आहे. म्हणून त्या तारखेच्या अलीकडची व पलीकडची असा गिटारींचा जणूं वर्णभेदच संग्राहकांनीं करून टाकिला आहे. तक्रारींत तथ्य नाहीं असें नव्हे. तथापि १९६९ सालच्या ऑगस्टमध्यें वुडस्टॉकच्या मेळ्यांत जिमी हेंड्रिक्स यानें जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर वाजवून जगाचे कान टवकारले, ती १९६८ सालीं, म्हणजे नव्या मालकाच्या अमदानींत बनलेली होती.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं काढलेली लेस पॉल गिटार १९६० च्या सुमारास इतकी मंद खपूं लागली कीं, कंपनीनें तिचा तो घाटच बंद केला. जुन्या गिटारी दुकानांतून पडेल किमतीस मिळत. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन या तरुण इंग्रज वादकाची, अशाच एका टाकून दिलेल्या घाटाच्या गिटारीवर वाजविलेली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मागणी इतकी वाढली कीं १९६८ सालीं कंपनीस तोच घाट पुन्हां काढावा लागला. आठ वर्षांत लांकूड बदललें नव्हतें, तारही बदलली नव्हती; ऐकणाऱ्यांचे कान मात्र बदलले होते.

आपल्याकडे हें वाद्य कसें आलें? मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मोठ्या अंशीं गोमंतकीय वादकांनीं उभा केला, हें सर्वश्रुत आहे. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणींच स्वरलिपि वाचावयास शिकवीत. तें शिक्षण घेऊन तीं मुलें पुढें मुंबईस आलीं व व्हायोलिन, ट्रंपेट, गिटार यांवर पोट भरूं लागलीं. लखनौचे व्हॅन शिप्ले यांनीं तर विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतें वाजवून घरोघरीं नांव केलें. पुण्याचे एनॉक डॅनियल्स अ‍ॅकॉर्डियनवर त्यांच्या साथीस असत. १९७१ सालच्या ‘हरे राम हरे कृष्ण’ या चित्रपटांतील गाजलेल्या गाण्याची गिटार भूपिंदर सिंग यांची होती, आणि १९८० सालच्या ‘कर्ज’ मधील जी गिटार ऐकून आजही लग्नाच्या मांडवांत माना डोलूं लागतात ती गोरख शर्मा यांची. १९७० व १९७१ सालीं एका सिगारेट-कंपनीनें ‘सिम्ला बीट’ या नांवानें तरुण वाद्यमेळांच्या स्पर्धा भरविल्या व त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढिल्या. पैसा कोणाचा होता याविषयीं शिक्षकास जें म्हणावयाचें तें मी येथें म्हणत नाहीं. परंतु त्या काळच्या तरुणांचें वादन त्यामुळेंच आज ऐकावयास मिळतें, हेंही खरें. आणि याच सुमारास उलट दिशेची वाटचालही चालू होती. बीटल्स मंडळींतील जॉर्ज हॅरिसन हा १९६६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईस येऊन पंडित रविशंकर यांच्यापाशीं सतार शिकत बसला होता! इकडच्या मुलांस त्याच्या हातांतली गिटार हवी, आणि त्यास इकडची सतार.

परंतु त्या दिवसांत परदेशी माल आणण्यास सरकारी परवाना लागे, आणि अमेरिकन गिटार विकत घेणें सामान्य वादकाच्या आवांक्याबाहेरचें होतें. म्हणून कित्येकांनीं चित्र पाहून सुताराकडून फळी कापून घेतली आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून पिकअपचीं वेटोळीं भरून घेतलीं. अशा देशी गिटारींचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. त्यांपैकीं एक मागील वर्षीं माझ्या पाहण्यांत आली.

तलासरीकडील एक पालक ती गोणपाटांत गुंडाळून शाळेंत घेऊन आले. त्यांचे चुलते मुंबईस एका ऑर्केस्ट्रांत वाजवीत असत. त्यांच्या मागें ती माळ्यावर पडली होती. मुलानें मोबाइलवर वाचलें होतें कीं, साठ सालच्या गिटारीस लाखों रुपये येतात. “सर, हिचे चार-पांच लाख आले तर पोराचा पॉलिटेक्निकचा सगळा खर्च निघेल,” असें ते म्हणाले. मी ती उलटसुलट करून पाहिली. अंग सागाचें, आणि म्हणून भलतेंच जड. कारखान्याचा क्रमांक कोठेंही नाहीं. मान डिंकानें चिकटविलेली. आणि पिकअपचें झांकण म्हणजे कोणत्या तरी डब्याचा पत्रा कापून केलेलें. वय साठीच्या जवळपासचें असेल, यांत संशय नव्हता. पण बाजार ज्या नांवास पैसे देतो तें नांव तिजवर नव्हतें. “दादा, ही तुमच्या काकांनीं इथंच करून घेतलेली आहे. हिला लाख येणार नाहींत,” हें सांगतांना मला जड गेलें. कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्यांनीं विचारलें, निदान रंग-पॉलिश करून दिली तर कांहीं अधिक येतील काय? मीं नको म्हणून सांगितलें. मानेच्या मागच्या बाजूस अंगठ्याच्या घर्षणानें एक गुळगुळीत खळगा पडला होता; कानशीनें घासून तो नाहींसा झाला असता, आणि त्या वाद्यावर चुलत्यांचें म्हणून जें कांहीं उरलें होतें तें तेवढेंच होतें. पॉलिटेक्निकचें म्हणाल, तर आम्ही त्याच दिवशीं शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद काढून बसलों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जुनी गिटार खरोखर अधिक चांगली वाजते काय? कांहीं कारणें खरीं आहेत. त्या काळीं पिकअपचीं वेटोळीं भरतांना तार कामगार हातानें सरकवीत असे. त्यामुळें वेढे थोडे वेडेवांकडे पडत आणि प्रत्येक पिकअपचा स्वभाव निराळा होई. अंगावर नायट्रोसेल्युलोजचें पातळ रोगण असे. तें वर्षांनुवर्षें सुकत जातें, त्यास बारीक भेगा पडतात, आणि रंग उडून लांकूड दिसूं लागतें. जोडीचा ध्वनिवर्धकही निर्वात नलिकांचा, म्हणजे जुन्या रेडिओंत लाल तापणाऱ्या कांचेच्या नळ्या असत त्यांचा असे. अशा नलिकेवर तिच्या शक्तीपेक्षां अधिक भार घातला कीं स्वर एकदम न फाटतां हळूहळू खरबरीत होतो, आणि तोच खरबरीतपणा कानास गोड लागतो. साठीच्या दशकांतील संगीताचा अर्धा रंग या नळ्यांचा आहे. गिटारीस त्याचें श्रेय फुकट मिळतें.

दुसरीं कारणें मात्र तपासून घेण्यासारखीं आहेत. वाईट गिटारी केव्हांच मोडल्या, जळल्या, भंगारांत गेल्या. ज्या चांगल्या होत्या त्यांसच लोकांनीं जपलें. आज उरलेल्या पाहून ‘जुनें तें सोनें’ असें म्हणणें म्हणजे वर्गांत शेवटपर्यंत टिकलेल्या मुलांवरून सर्व पटाची हुशारी ठरविण्यासारखें आहे. आणि कान पुष्कळदां डोळ्यांच्या साक्षीनें ऐकतो. व्हायोलिनच्या बाबतींत क्लॉडिया फ्रिट्झ या फ्रेंच विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं याची परीक्षाच घेतली. २०१० सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें २१ वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांस ६ व्हायोलिनें दिलीं; तीन नवीं, आणि तीन जुनीं इटालियन, ज्यांत दोन स्ट्रॅडिव्हारीचीं होतीं. बहुतेकांनीं नव्यास पसंती दिली, आणि सर्वांत कमी आवडलेलें व्हायोलिन स्ट्रॅडिव्हारीचें निघालें! २०१२ सालीं पॅरिसजवळ १० नामांकित वादकांवर हाच प्रयोग अधिक काळजीपूर्वक केला. त्यांपैकीं ६ जणांनीं आपल्या वाद्याऐवजीं घ्यावयाचें म्हणून नवेंच व्हायोलिन निवडलें. विजेच्या गिटारींत तर आवाजाचा मोठा भाग चुंबक, वेटोळें व ध्वनिवर्धक यांचा असतो. तेथें लांकडाच्या वयास जेवढें माहात्म्य दिलें जातें तेवढें तें असेल, असें मला वाटत नाहीं.

लांकडाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या घरची एक बाब सांगतों. गिटारीच्या मानेवर बोटें जेथें टेकतात त्या पट्टीस काळपट, तेलकट व कठीण लांकूड लागतें. पूर्वीं तें ब्राझिलच्या रानांतून येई. तेथील झाडें इतकीं तोडलीं गेलीं कीं १९६९ च्या सुमारास मार्टिनसारख्या नामांकित कारखान्यानें तें लांकूड सोडून हिंदुस्थानी शिसव धरलें. १९९२ पासून ब्राझिलच्या त्या झाडास आंतरराष्ट्रीय कराराचें कडक संरक्षण आहे. म्हणजे सह्याद्रीच्या रानांत वाढणारें, आपल्या पालघर जिल्ह्याच्या जंगलांतूनही आढळणारें, आपल्या आजोबांच्या पलंगाचें व कपाटाचें शिसव गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें जगभरच्या वादकांच्या बोटांखालीं आहे. २०१७ सालीं शिसवाच्या सबंध कुळावर व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हां परदेशीं वादकांना आपली गिटार घेऊन सीमा ओलांडणें कठीण झालें. २०१९ सालीं तयार वाद्यांपुरते ते सैल करण्यांत आले. झाड मात्र आजही सावकाशच वाढतें.

आणि वाद्याच्या वयाचा विचार करतांना आपल्या तारप्यास विसरून चालणार नाहीं. वारली चित्रांतील नागमोडी नाचाच्या मध्यभागीं जो वादक उभा असतो, जो गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून देशोदेशीं पोंचला, त्याच्या हातांतील हें वाद्य. वाळलेला दुधी भोपळा, त्यांत बसविलेल्या बांबूच्या छिद्रें पाडलेल्या नळ्या, सांधे बुजविण्यास मेण, आणि टोंकास ताडाच्या पानांचा कर्णा. वादक फुगविलेल्या गालांतील हवेवर स्वर चालू ठेवून मध्येंच नाकानें श्वास घेतो. म्हणून सूर तुटत नाहीं व नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहींत. जव्हार तालुक्यांतील वाळवंडें येथील भिकल्या लाडक्या धिंडा या वृद्ध तारपावादकांस २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां हें वाद्य वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलें.

परंतु साठ वर्षांपूर्वींचा तारपा शोधूं गेलें तर तो सहसा मिळणार नाहीं. भोपळ्यास भेग जाते, पान चुरतें, मेण वितळतें, उरलेलें वाळवी पाहून घेते. वादक कांहीं वर्षांनीं नवा तारपा करितो, आणि त्यास त्याची हळहळ वाटत नाहीं. गिटारीच्या बाबतींत वस्तु जुनी असते व वाजविणारे बदलत जातात. येथें वस्तु नवी असते व जुनें काय असेल तर तें करणाऱ्याच्या बोटांतील ज्ञान. लिलांवांत तें ज्ञान मांडतां येत नाहीं, आणि माळ्यावर ठेवूनही तें टिकत नाहीं. एखाद्या पाड्यांत तारपा करणारा शेवटचा मनुष्य गेला, तर त्या पाड्याचें नाचणें दुसऱ्या दिवसापासून डीजेच्या स्वाधीन होतें. असे पाडे आपल्या दोन्ही तालुक्यांत आतां थोडे राहिलेले नाहींत.

तो गोणपाटांतला मुलगा (त्याचें नांव मी सांगत नाहीं, पण वर्गांत सर्वांस ठाऊक आहे) आतां त्या सागाच्या गिटारीवर सराव करितो. पिकअपची एक तार तुटली होती. ती त्यानें प्रयोगशाळेंत स्वतः सोल्डर केली. एकच वेटोळें असल्यामुळें ती पंखा चालू असला कीं अजून गुणगुणते. दुसरें उलटें वेटोळें भरण्याचा त्याचा बेत आहे, आणि त्याकरितां जुन्या ट्रान्स्फॉर्मरमधील तार उलगडण्याचें काम त्याच्या दोन मित्रांनीं पत्करलें आहे. या मित्रांपैकीं एकाचे आजोबा तारपा करितात. त्यांनीं यंदा घरामागच्या मांडवावर लांब मानेचा एक भोपळा भाजीस न तोडतां राखून ठेविला आहे, आणि तो पुरता वाळला म्हणजे दोघां नातवंडांनीं शेजारीं बसून पाहावें, असें त्यांनीं बजावलें आहे.